एंजलची अंडी दर वेळी पांढरी पडतात? आधी वेळ लिहून ठेवा

टँकमधल्या एंजल माशांची जोडी जमते, पान किंवा फरशी घासूनपुसून लख्ख करते, संध्याकाळी अंडी घालते आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत सगळी अंडी पांढरीफटक. दहा-बारा दिवसांनी मादीचं पोट पुन्हा भरतं आणि पुन्हा तोच प्रकार. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझ्याकडे गेल्या वर्षी मार्च ते मे या काळात ओळीनं सहा वेळा असं झालं. जोडी तीच, टँक तोच, खाणं तेच. जानेवारी-फेब्रुवारीत याच जोडीची दोन वेळची पिल्लं नीट निघाली होती. जिथून मासे घेतले तिथं विचारलं, तर उत्तर मिळालं की नर थकलाय, बदलून न्या. मी त्याला पिशवीत भरायच्या बेतात होते. त्या नराचा काही दोष नव्हता. दोष पाण्याचा होता, आणि थोडासा मीच हौसेनं टँकमध्ये ठेवलेल्या एका दगडाचा. पण ते कळायला सहा वेळची अंडी गेली. तुमची जाऊ नयेत.

पांढरं अंडं म्हणजे काय

एंजलचं ताजं अंडं मोहरीच्या बारीक दाण्याएवढं असतं. रंग मधासारखा फिकट पिवळसर आणि आरपार दिसणारा, भिजून फुललेल्या साबुदाण्यासारखा. अंडं मेलं की आतलं सगळं साकळतं आणि ते कोरड्या साबुदाण्यासारखं पांढरं, अपारदर्शक होतं. एवढाच पांढऱ्या रंगाचा अर्थ: हे अंडं मेलेलं आहे.

कापसासारखी बुरशी त्याच्यावर नंतर येते. सॅप्रोलेग्निया जातीची ही बुरशी पाण्यात असतेच. ती आधी मेलेल्या अंड्यावर बसते आणि मग तिचे धागे शेजारच्या जिवंत अंड्यापर्यंत पोचतात. त्यामुळे ‘बुरशीनं अंडी खाल्ली’ हे आपलं निदान बहुतेक वेळा उलटं असतं. मीही तिसऱ्या वेळी अंडी वेगळी काढून मेथिलीन ब्लूमध्ये ठेवली. निळ्या पाण्यात कापूस धरला नाही, पण अंडी पांढरी पडायची ती पडलीच. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं की बुरशीवरचं औषध हे माझ्या दुखण्यावरचं औषध नाही.

प्रश्न विचारायचा तो असा: अंडं मेलं केव्हा? त्यासाठी एक वही आणि एक भिंग पुरे. अंडी घालून संपली ती वेळ लिहा. मग बारा, चोवीस, छत्तीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी बघून साधारण किती पांढरी झाली ते लिहा. पाण्याचं तापमान २७-२८ अंश असेल तर जिवंत अंड्यात दीड दिवसानंतर काळसर ठिपका दिसू लागतो, दोन दिवसांच्या आसपास शेपटीची वळवळ दिसते आणि साठ तासांपर्यंत पिल्लं कवचाबाहेर येतात. पाणी थंड असेल तर हे सगळं लांबतं. त्यामुळे दुसऱ्याच्या घरच्या तासांशी आपले तास जुळवण्याआधी थर्मामीटर बघावा.

पहिल्या चोवीस तासांतच बहुतेक सगळी पांढरी झाली, तर ती फळलीच नव्हती असं धरून चाला. चोवीस तास नीट राहिली आणि मग एकेक करत जाऊ लागली, तर ती फळली होती आणि नंतर मेली. या दोन गोष्टींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. सरसकट सगळे उपाय एकदम केले तर काही कळत नाही.

अंडी फळलीच नाहीत

सगळ्यात आधी खात्री करा की तुमच्याकडे खरोखर नर आणि मादी आहे. दोन माद्या जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडी घालतात, एकत्र राखणही करतात. मोठ्या टँकमध्ये नर नसेल तर हे हमखास होतं. कपाळाचा उंचवटा, पंखांची लांबी यावरून नर ओळखता येतो असं सांगतात, पण माझा त्यावर विश्वास नाही. खात्रीची खूण एकच. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली, शेपटीकडच्या पंखाच्या पुढे, एक लहानशी नळी बाहेर येते. मादीची नळी जाड आणि टोकाला बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार.

तेव्हा नाही दिसली तर प्रत्यक्ष अंडी घालताना बघा. मी पहिल्यांदा हे नीट पाहिलं तेव्हा स्वयंपाकघरात गॅस चालू आहे हे विसरून स्टूल ओढून बसले होते. मादी खालून वर सरकते, पोट दगडाला जवळजवळ टेकवून, आणि तिच्यामागे अंड्यांची एक ओळ चिकटत जाते, दहा-पंधरा मण्यांची. ती बाजूला होते न होते तोच नर त्याच ओळीवरून तसाच सरकत जातो, पण त्याच्यामागे काही दिसत नाही. मग पुन्हा ती, पुन्हा तो. असं तासभर चालतं. दोघांच्याही मागे मणी दिसले, तर दोन्ही माद्या आहेत. अंड्यांची संख्या नेहमीपेक्षा दुप्पट वाटली तरी तोच संशय घ्यावा.

यासाठीच जोडी म्हणून दोन मासे विकत आणण्यापेक्षा दहा रुपयांच्या नाण्याएवढी सहा पिल्लं आणून वाढवणं मला जास्त पटतं. आठ-दहा महिन्यांत ती आपापली जोडी निवडतात. जमलेली जोडी वेगळी काढायची, म्हणजे बाकीच्यांना मार बसत नाही.

जोडी खरी आहे, पण कोवळी आहे, असंही असतं. पहिली दोन-तीन वेळची अंडी वाया गेली तर काही करू नका. नराला अंड्यांवरून नेमकं कसं जायचं ते जमायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट पाण्याच्या झोताची. नराचं वीर्य पाण्यात सुटतं आणि ते थोडाच वेळ कामाचं असतं. पॉवर फिल्टरचा झोत नेमका त्या जागेवरून जात असेल तर ते वाहून जातं. अंडी घालायला सुरुवात झाली की तासाभरासाठी मोठा फिल्टर बंद ठेवा आणि संपल्याबरोबर न विसरता चालू करा. जोडीच्या टँकमध्ये फक्त स्पंज फिल्टर असेल तर हा प्रश्नच येत नाही.

यातलं माझ्याकडे काहीच लागू नव्हतं. नराची नळी टोकदार होती, जोडी अनुभवी होती, टँकमध्ये स्पंज फिल्टर होता. तरी चोवीस तासांत दहातली नऊ अंडी पांढरी.

टँकरचं पाणी

आमची सोसायटी पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. हिवाळाभर नळाला महापालिकेचं, खडकवासल्याकडचं पाणी असतं. मार्च लागला की ते कमी पडतं आणि टँकर सुरू होतात. टँकरमध्ये येतं ते बोअरचं पाणी. घरात हे सगळ्यांना माहीत असतं, कारण तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजायची ती पाच शिट्ट्यांतही टणक राहते, साबणाला फेस येत नाही, आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. मलाही डाळीचं कळत होतं. तेच पाणी मी दर रविवारी टँकमध्ये ओततेय, हे मात्र डोक्यात आलं नाही.

सहाव्या वेळेनंतर मी मोजलं. फेब्रुवारीत टीडीएस मीटरवर नळाचं पाणी ८५ दाखवायचं, त्याची नोंद वहीत होती. टँकरचं निघालं ६१०. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं काही. अंड्यांना त्रास होतो तो प्रामुख्यानं कॅल्शियमचा, म्हणून जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजायचं किट आणलं. त्यात थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं असतं, एक थेंब म्हणजे एक डिग्री. एक डिग्री म्हणजे लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. नळाचं पाणी चार थेंबांत रंग बदलायचं. टँकरच्या पाण्याला एकोणीस थेंब लागले. मी दोनदा मोजलं.

आता हे अंड्याला का बाधतं, ते सांगते. माशाच्या अंड्याला एक अतिसूक्ष्म छिद्र असतं, वीर्य आत जातं ते तिथूनच. अंडं पाण्यात पडलं की पाणी शोषून फुगतं, त्याचं कवच घट्ट होतं आणि ती वाट बंद होते. कवच घट्ट होण्यात पाण्यातल्या कॅल्शियमचा हात असतो. एंजल हा मूळचा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला मासा. तिथलं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी, झाडपाल्यामुळे चहाच्या रंगाचं. त्याची अंडी त्या पाण्यासाठी घडलेली आहेत. जड पाण्यात नराला मिळणारा वेळ कमी पडतो.

आपण फसतो ते पुढच्या गोष्टीमुळे. बाजारात येणारे एंजल पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये वाढवलेले असतात. मोठे मासे बोअरच्या पाण्यात छान राहतात, खातात, वाढतात, जोडी जमवतात, अंडीही घालतात. कुठं काही बिघडलंय असं वाटतच नाही. बिघाड फक्त अंड्यांत दिसतो आणि दोष नराच्या माथी जातो. काही जोड्यांची अंडी १२-१३ डिग्रीतही फळतात, अशा जोड्या मी पाहिल्या आहेत. पण पुन्हा पुन्हा अंडी वाया जात असतील तर जीएच आठच्या खाली आणून बघायचं, हा माझा पहिला सल्ला राहील.

कसं आणायचं? घरचा आरओ बहुतेकांकडे असतो. त्याचं शुद्ध पाणी आधी मोजा, कारण अनेक यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. माझ्या आरओचं पाणी एक डिग्रीचं निघालं. एक भाग टँकरचं १९ डिग्रीचं आणि दोन भाग आरओचं १ डिग्रीचं घेतलं की मिश्रण सात डिग्रीचं होतं. अर्धं-अर्धं घेतलं तर दहा. नुसतं आरओचं पाणी वापरू नका. त्यात पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, तो अचानक खाली घसरतो आणि मग मोठे मासेही संकटात येतात. पीएच ६.५ ते ७.२ मध्ये स्थिर राहिला की पुरे. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी तर मूळ पाण्यापेक्षाही जड असतं. ‘एवढं पाणी वाया जातं, ते टँकमध्ये घालू’ हा मोह होतो. ते फरशी पुसायला वापरा.

बदल हळूहळू करायचा. मी दर दोन दिवसांनी टँकचं पंधरा टक्के पाणी बदलत दोन आठवड्यांहून जास्त वेळ घेतला. एका दिवसात पाणी पालटलं तर जोडी बिथरते.

लिंबू पिळून किंवा बाटलीतलं पीएच कमी करायचं औषध घालून हे काम होत नाही. त्यानं पीएच उतरतो, कॅल्शियम तिथंच राहतं. पाणी उकळलं तर काही जडपणा तळाशी थर होऊन बसतो खरा, गिझरच्या कॉइलवर दिसतो तोच, पण दर आठवड्याला चाळीस लिटर पाणी उकळत बसणं व्यवहार्य नाही. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर तो कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो. जीएच कमी दिसतं, टीडीएस तसाच राहतो. तसलं पाणी मी वापरत नाही.

देशी बदामाची पानं मात्र जरूर वापरा. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात ही झाडं असतात. लालसर होऊन आपोआप गळलेलं, वाळलेलं पान घ्यायचं, धुवायचं आणि वीस-तीस लिटरला एक टाकायचं. पाण्याला चहाचा हलका रंग येतो आणि बुरशीला थोडा आळा बसतो. हीच पानं सुंदर पाकिटात घालून महाग विकली जातात. जडपणा मात्र पानांनी उतरत नाही, त्यासाठी पाणीच मिसळावं लागतं.

शहाबादी, कडप्पा आणि पाटी

आता त्या दगडाबद्दल. एंजल उभ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर अंडी घालतात. पुस्तकात ‘स्लेट’ लिहिलेलं असतं. मी घराचं काम चाललेलं असताना उरलेला शहाबादी फरशीचा हातभर तुकडा स्वच्छ धुऊन टँकमध्ये तिरका टेकवला होता. जोडीला तो इतका आवडला की दुसरीकडे कुठं त्यांनी अंडी घातलीच नाहीत. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ओट्याला वापरतात तो काळा कडप्पा स्लेटसारखा दिसतो, तोही चुनखडीच. कोटाही तसाच. मऊ पाण्यात हे दगड हळूहळू झिजतात आणि आपण मेहनतीनं उतरवलेला जडपणा परत चढवतात.

खात्री करायला मी तसाच एक तुकडा आरओच्या पाण्याच्या बादलीत ठेवला, एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा) लावला आणि पंधरा दिवसांनी मोजलं. एक डिग्रीचं पाणी तीनवर गेलं होतं. फार नाही, पण टँकमध्ये तो दगड वर्षभर असतो. शिवाय त्याच्यासोबत शिंपले, संगमरवराची खडी, सिमेंटची गुहा असं काही असेल तर सगळं मिळून वाढतं. दगड तपासायचा असेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका आणि कान जवळ नेऊन, भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले, चुर्र असा आवाज आला, तर तो दगड टँकमध्ये नको.

शाळेची जुनी दगडी पाटी कुणाकडे असेल तर तिच्याइतकं चांगलं काही नाही. लाकडी चौकट काढून टाकायची, कडा घासायच्या, पाटी उकळत्या पाण्यानं धुऊन घ्यायची. मला माझ्या आईची पाटी मिळाली, माळ्यावरच्या ट्रंकेत होती. पाटी नसेल तर पीव्हीसी पाइपचा जाड तुकडा उभा करा, किंवा न रंगवलेली मातीची कुंडी पालथी घाला. जोडी दोन्ही स्वीकारते.

फळली, पण नंतर मेली

चोवीस तासांनंतर, काळे ठिपके दिसू लागल्यावर अंडी जात असतील, तर कारण बहुधा पाण्यातलं विष, कमी प्राणवायू किंवा शेजारून पसरणारी बुरशी असतं. क्लोरीन पहिल्यांदा तपासा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचं प्रमाण बहुतेक वाढवलेलं असतं, वासावरूनच कळतं. पाणी एक दिवस उघड्या बादलीत एअर स्टोन लावून ठेवायचं किंवा हायपो हे क्लोरीन घालवणारं औषध वापरायचं. अंडी असलेल्या टँकमध्ये त्या तीन दिवसांत पाणी न बदलणं उत्तम. तापमान २७-२८ अंशांवर स्थिर हवं. पुण्याच्या डिसेंबरात रात्री हीटरशिवाय पाणी सहज २२ पर्यंत उतरतं आणि अंडी अर्ध्यावर थांबतात. वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, दोन तास हवा बंद राहिली तरी नुकसान होतं.

अंडी वेगळी काढून उबवायची असतील तर माझी पद्धत अशी. चार लिटरची काचेची बरणी घ्यायची, साबण न लावता धुतलेली. त्यात त्याच टँकचं पाणी घ्यायचं, पाटी अलगद उचलून आत तिरकी ठेवायची आणि अंड्यांची बाजू खाली झुकती ठेवायची, म्हणजे त्यावर गाळ बसत नाही. एअर स्टोन असा ठेवायचा की बुडबुडे अंड्यांच्या जवळून जातील, पण थेट आपटणार नाहीत. आईबाप पंखांनी वारा घालतात, त्याचं काम हे बुडबुडे करतात. एक टक्क्याच्या मेथिलीन ब्लूचा एक मिलिलिटर चार लिटरला पुरतो. हे औषध मुख्य टँकमध्ये टाकू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि मग अमोनिया वाढतो. बरणी टँकमध्येच अर्धी बुडेल अशी अडकवली की तापमान आपोआप सारखं राहतं. पांढरी झालेली अंडी दिवसातून दोनदा ड्रॉपरनं उचलायची. पिल्लं बाहेर आली की रोज अर्धं पाणी बदलत निळा रंग घालवायचा.

पांढरी होत नाहीत, नाहीशीच होतात

ही वेगळी तक्रार, पण तिचीही गल्लत होते. सकाळी उठून पाहावं तर पाटी कोरी, आणि आपण म्हणतो आईबापांनी अंडी खाल्ली. कधी कधी ते खरं असतं. पण मेलेली अंडी उचलून खाणं हे आईबापांचं काम आहे, बुरशी पसरू नये म्हणून ते साफसफाई करतात. सगळीच मेलेली असतील तर सगळी साफ होतात. म्हणून आधी अंडी फळतात का ते बघा, नंतर आईबापांना बोल लावा.

टँकमध्ये सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) असेल तर तो रात्री अंडी फस्त करतो. अंधारात जोडीला तो दिसत नाही. जोडीच्या टँकमध्ये दुसरा कुठलाही मासा नको. खोलीत झिरोचा बल्ब लावून ठेवला तर जोडी रात्रभर अंड्यांजवळ राहू शकते. टँकच्या तीन बाजूंना कागद लावा, ये-जा असलेल्या दारापासून तो लांब ठेवा, लहान मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका. घाबरलेली जोडी अंडी गिळते.

आणि जमेल तेव्हा एकदा तरी अंडी आईबापांजवळ राहू द्या, अशी माझी मनापासून विनंती आहे. राखण करणं या कुळाच्या रक्तातच आहे. आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर याच सिक्लिड कुळातला. तोच केरळचा करिमीन, ज्याला २०१० साली तिथला राज्यमासा ठरवलं गेलं. त्याचेही नर-मादी दोघं मिळून अंडी सांभाळतात. एंजलची पिल्लं पोहू लागली की आईबाप त्यांचा थवा घेऊन टँकभर फिरतात, एखादं भरकटलं तर तोंडात धरून परत थव्यात सोडतात. हे ज्यानं पाहिलं तो बरणीकडे पुन्हा नाइलाजानंच वळतो.

निघाली, पण आठवड्यात मेली

बाहेर आलेली पिल्लं आणखी चार-पाच दिवस डोक्यावरच्या चिकट धाग्यानं पाटीला लटकून वळवळत राहतात. त्यांच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते. या दिवसांत काहीही खायला घालायचं नाही, घातलेलं सडतं आणि पाणी बिघडतं. ती सुटून पोहू लागली की मात्र त्याच दिवशी खाणं हवं, आणि ते जिवंत हवं. पावडरच्या खाण्यावर माझी पिल्लं कधीच तगली नाहीत.

आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, अंडी आणून ठेवा. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं जाडं मीठ, खालून जोरात हवा, २८ अंश तापमान आणि वर दिवा. चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके पोहताना दिसतात. हवा बंद करून एका बाजूला टॉर्च धरला की ते उजेडाकडे गोळा होतात. बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्यानं धुऊन दिवसातून तीन-चार वेळा द्यायचे. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे खाल्लं. गणित असं जमवायचं की पिल्लं पोहायला लागतील त्या सकाळी पहिली आर्टेमिया तयार असेल, म्हणजे ती आदल्या दिवशीच लावायची.

पिल्लं जास्त झाली तर दुकानात द्या, ओळखीत वाटा. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. चिलापी हाही बाहेरून आणलेला सिक्लिडच. १९५२ मध्ये तो भारतात आला आणि उजनीत आज जाळ्यात काय येतं ते भिगवणकडच्या कुणालाही विचारा.

माझ्या जोडीचं पुढं काय झालं

मे महिन्याच्या मध्यापासून मी पाणी मिसळायला सुरुवात केली. बाकी काहीही बदललं नाही, शहाबादीसुद्धा तशीच ठेवली, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं होतं. सातव्या वेळी, २४ मे रोजी, टँकचा जीएच दहावर होता. चोवीस तासांनी अर्धी अंडी अजून मधाच्या रंगाची होती. त्यातली काही पुढं बुरशीनं गेली, पण साठ-सत्तर पिल्लं निघाली. त्यानंतर जीएच सातपर्यंत खाली आणला आणि शहाबादी काढून आईची पाटी लावली. जोडी दोन दिवस तिच्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी नर एकटाच पाटीजवळ गेला आणि तिच्या वरच्या कोपऱ्यापासून ती घासायला लागला. ज्याला मी थकलेला म्हणून परत देणार होते तोच तो.

वहीतल्या त्या आठवड्याच्या नोंदी अशा आहेत. ‘५ जून, संध्याकाळी साडेपाच: अंडी घालून झाली. २७.५ अंश, जीएच ७. ६ जून, संध्याकाळी साडेपाच: पांढरी मोजली, एकवीस. बाकी सगळी आरपार. ७ जून, सकाळी: काळे ठिपके. मादी वारा घालतेय, नर काचेशी येऊन माझ्याकडे बघतोय. ७ जून, रात्री साडेनऊ: पाटीभर शेपट्या हलताहेत.’